विषारी जमीन साफ करा, हात न मळवता

नवी पोस्टिंग आणि पदरात विषारी जमीन? घाबरू नका. भोपाळच्या, वायुकांडवाल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात ही विद्या सिद्ध झालेली आहे. तुम्ही फक्त गिरवा.

१. मालकी फिरती ठेवा. १९९४मध्ये कार्बाइडने भारतातले शेअर विकले, १९९८मध्ये भाडेपट्ट्याची जमीन सरकारकडे परत आली, २००१मध्ये खुद्द कार्बाइड डाऊ केमिकलच्या पोटात गेली. कुणी विचारलंच, तर पुढच्याकडे बोट दाखवा.

२. दिसतं तेवढंच उचला. सेविन या कीटकनाशकाचे अवशेष, नॅप्थॉल, थोडी माती पोत्यांत भरा, शेडमध्ये रचा, कुलूप ठोका. कारखान्याच्या तळ्यांत गाडलेला गाळ फाइलीत आणू नका, बिचारा झोपलाय.

३. विष भूजलात उतरलं, तर हातपंपांना लाल रंग द्या. भूजल शुद्ध करण्यापेक्षा रंगाचा डबा स्वस्त. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन समोर उभ्या राहिल्या, तर वाईट वाटेल. वाटू द्या, त्याला मंजुरी लागत नाही.

४. कचरा जाळून देता का, असं शेजाऱ्यांना विचारत राहा. अंकलेश्वरचं नाव काढा, गुजरात नको म्हणेल. नागपूरजवळची भट्टी सुचवा, महाराष्ट्र नको म्हणेल. मग जर्मनी, ती बोलणी २०१२मध्ये फिसकटली. नकारांची फाइल जाड झाली की तिलाच प्रगती म्हणा.

५. कोर्ट खडसावेपर्यंत थांबा, मग चपळाई दाखवा. डिसेंबर २०२४मध्ये हायकोर्टाने कचरा हलवायला चार आठवडे दिले आणि २०२५च्या पहिल्याच रात्री १२ कंटेनर ग्रीन कॉरिडॉरमधून पीथमपूरच्या भट्टीकडे सुटले. सुमारे २५० किलोमीटर! पीथमपूरकरांना आधी विचारत बसू नका, ते विनाकारण चिडतात.

६. जाळा. ३३७ टन कचरा भट्टीत घाला, चुना मिसळा, ८०० टनांहून जास्त राख आणि अवशेष काढा. बेरीज चुकलेली नाही. आता एवढं पुरायला नवी जमीन शोधा, म्हणजे पुढच्या पिढीलाही काम.

७. नियम पाठ करा. जुलै २०२५मध्ये दूषित जमिनींसाठी केंद्राचे खास नियम आले. संशयित जागा तपासायला ९० दिवसांची मुदत. सफाई संपवायला मात्र ठरलेली तारीख नाही. तुमच्या बदलीला असते.

चार्ज देताना नव्या साहेबांना रिकामी शेड दाखवा, ‘काम फत्ते’ म्हणा. चहा मात्र बाटलीबंद पाण्याचाच सांगा.