नशीब वजा करणारे अण्णा

पत्त्यात हरलेला माणूस आपल्या पानांना शिव्या देतो, ही जगाची रीत. इनामगावचे अण्णा जिंकणाऱ्याच्या पानांना शिव्या देतात. "दोन जोकर आले म्हणून सुटलास. अक्कल कुठं लावलीस त्यात?" जिंकलेला गडी ओशाळतो आणि अण्णांना हरल्यावरही मानाचं पान मिळतं.

उसाला पाणी सोडून बांधावर मोबाइलवर पोकर खेळणं हा त्यांचा काही वर्षांचा शिरस्ता. काकू जुगार म्हणाल्या की अण्णा १९६७ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढत : रमीत मुख्य भाग कौशल्याचा, नशिबाचं काम तीन पत्तीत.

"पण तुम्ही पोकर खेळता ना?"

"तो रमीचा चुलतभाऊच."

पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद. पैसे गेल्याचं अण्णांना फारसं वाटलं नाही. कौशल्य आणि नशीब एका दावणीला बांधलं, हे त्यांना लागलं.

मग त्यांना डुप्लिकेट पोकरचा शोध लागला. अनेक टेबलं मांडायची. पहिल्या टेबलावर तीन नंबरच्या खुर्चीला जी पानं, तीच प्रत्येक टेबलावर तीन नंबरला. शेजाऱ्याकडून किती ओढलं ते मोजायचं नाही. तीच पानं घेऊन बसलेल्या दुसऱ्या टेबलावरच्या गड्यापेक्षा किती जास्त कमावलं, ते मोजायचं. ब्रिजमध्ये ही पद्धत जुनी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतानं ब्रिजचं सुवर्णपदक घेतलं, हे अण्णा असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पानं यांनीच पिसली होती.

गावाला पोकर येत नाही, म्हणून त्यांनी डुप्लिकेट रमी काढली. पैसे नाहीत, हरणाऱ्यानं चहा पाजायचा. एक डाव देवळाच्या ओट्यावर, दुसरा पारावर. दोन्हीकडे तीच तेरा पानं, गड्डीही त्याच क्रमानं लावलेली. अण्णांच्या जागेवर पारावर बसलं डेअरीत फॅट मोजणारं पोरगं. अण्णांनी हुकमी सिक्वेन्ससाठी इस्पिकची राणी धरून ठेवली आणि हातातल्या सगळ्या पानांसकट बुडाले. पोरानं तीच राणी दुसऱ्या हाताला फेकली आणि डाव लावून चहा मागवला.

गावाला तेव्हा उमगलं की हा खेळ भयंकर आहे. "पानंच आली नाहीत" या एका वाक्यावर इनामगावात किती मैत्र्या टिकून होत्या! ते वाक्यच अण्णांनी काढून घेतलं. हरलेल्यानं आता घरी काय सांगायचं? आठवड्याभरात पारावर गडी मिळेना.

अण्णांनी मात्र कारण शोधलं. "माझ्या वरच्या हाताला बसलेला चुकीची पानं टाकत होता. तेवढं नशीब अजून काढायचं राहिलंय." यात तथ्य होतं, हीच पंचाईत.

नशीब सगळं वजा होत नसतं, अशी शाळेतल्या गुरुजींनी समजूत घातली, तर अण्णा थेट गावच्या घोड नदीकाठी झालेल्या प्राचीन वस्तीच्या उत्खननावर घसरले. कोर्टाच्या निकालानंतर पुढच्याच वर्षी, १९६८ ला, डेक्कन कॉलेजनं इथं खणायला सुरुवात केली. हा योगायोग अण्णांना मान्य नाही. योगायोग म्हणजे पुन्हा नशीबच. "तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी पाट खणला, गुरुजी. पावसाच्या भरवशावर बसले नाहीत."

"आणि पाऊस उणावल्यावर चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, असं खणणारेच सांगतात."

"डाव चुकला असंल त्यांचा."

डेअरीचं पोरगं तिथंच उभं होतं. ते म्हणालं, "अण्णा, तुमचा न् तुमच्या चुलतभावाचा तरी डुप्लिकेट डावच की. आज्याची एकच जमीन, मधोमध बांध. माती तीच, पाऊस तोच, आवर्तन तेच, कारखानाबी तोच. मग त्यांचा ऊस डोक्याच्या वर न् तुमचा कमरेला कसा?"

अण्णांनी टोपी सारखी केली.

"शेतीचं निराळं हाय, लेका. तिथं समदं नशिबावर."