एकट्याची चढाई

तंजावरात चढ शोधायचा तर रेल्वेच्या पुलावर जावं लागतं. कावेरीने गाळ आणून आणून हा मुलूख इतका सपाट केलाय, की सायकलवाल्याला दोन पायडलं फुकट मिळत नाहीत. गावातली उंच वस्तू एकच. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं बृहदीश्वराचं विमान, २१६ फूट. त्याला दक्षिण मेरू म्हणतात. पण हा मेरू चढायचा नसतो, खालून हात जोडायचे असतात. अशा गावात माझ्या बायकोचे मामा गिर्यारोहक आहेत.

तेही एकटे जाणारे. घोळक्याने डोंगर चढणाऱ्यांविषयी त्यांचं मत, ख्यालगायकाचं बँडवाल्यांविषयी असावं तसं आहे. तमिळ शेजारी त्यांना 'मलै रायर' म्हणतात. रायर म्हणजे तिथले आपले देशस्थ आणि मलै म्हणजे डोंगर. मामा ही पदवी समजतात. शेजारी ती कोणत्या सुरात उच्चारतात, तिकडे त्यांचं लक्ष नसतं.

त्यांचा सिद्धांत असा : १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली, तेव्हा आपले पूर्वज सह्याद्रीवरून खाली उतरले. उतरले ते उतरलेच. साडेतीनशे वर्षांत घराण्यात कोणी काही चढलं नाही, फार तर बढती. ही थकबाकी कोणीतरी फेडायला हवी. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. मामा तो अधूनमधून उभ्याने वाचतात, पोटऱ्यांना व्यायाम म्हणून.

खरा सराव कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला. नावात मलै असलं तरी ही टेकडी माणसांनी रचलेली. वर मुरुगन आणि चढायला साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या. मामा प्रभवला जोमात निघतात, मन्मथपाशी कठडा धरतात आणि क्षय संवत्सराला नावाप्रमाणे पोचतात. मग मला पुण्याला फोन. पुण्याचा माणूस सकाळचा चहा सिंहगडावरच घेतो, अशी त्यांची समजूत आहे. "मापिळ्ळे," ते जावयाला म्हणतात, "आज साठ संवत्सरं चढलो. एकटाच." मागे पायऱ्यांवरच्या गर्दीत नारळ फुटत असतात.

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतली जिंजी. मामांना हे आपल्या नावे आलेलं बोलावणं वाटलं. जिंजीची राजगिरी सुमारे आठशे फूट. पहाटे पोचायचं, चढायचं, उतरायचं, रात्री घरी. एकट्याने.

१६८९ साली राजारामाने पन्हाळा सोडून जिंजी गाठली ती मुघलांना पत्ता लागू नये म्हणून वेष पालटून. मामांच्या मोहिमेचा पत्ता मात्र फुलवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत साऱ्या वीथीला होता. कॉफीपूड दळणाऱ्याने टॉर्च दिला. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी एसटीडीच्या जमान्यातली जाड वही दिली, महत्त्वाचे नंबर लिहिलेली. शेजारच्या पाटीने (म्हणजे तिकडच्या आजीने) पळनीची विभूती दिली. औषधवाल्याने गुडघ्याचा पट्टा उधार दिला, परत आलात तर पैसे द्या या बोलीवर. निघायच्या रात्री अलार्म लावून जागं राहण्याच्या पाळ्या ठरल्या. मामी दहीभात कालवताना म्हणाल्या, "ह्यांना एकटं पाठवायला पाच माणसं कमी पडतात हो."

रात्रीच्या गाडीने विळुपुरम आणि तिथून बसने सेंजी, म्हणजेच जिंजी. मी पुण्यात झोपलो होतो, पण मला झोपायची परवानगी नव्हती. पहिला फोन कल्याणमहालापाशी : "इथे मी आणि इतिहास, दोघंच." पाठीमागून कोणीतरी "सार, तिकीट!" असं ओरडत होतं. दुसरा फोन अर्ध्या पायऱ्यांवर. त्यात बराच वेळ नुसता श्वासच होता. तिसऱ्यात कळलं, की दहीभात माकडांनी नेला, डबा मात्र सभ्यपणे परत टाकला. त्यानंतर एका शाळेची सहल मागून आली. पोरं पळत पुढे गेली आणि बाईंनी मामांना हाताला धरून रांगेत घेतलं. माथ्याआधी कड्यात एक खोल फट आहे, तिच्यावर पूल. तो मामांनी चौथी 'ब'च्या दोन मुलींचे हात धरून ओलांडला. मुलींना भीती वाटू नये म्हणून, असं ते सांगतात.

माथ्यावरून फोन आला तेव्हा वारा त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. "मुघलांच्या झुल्फिकारखानाला ही जिंजी घ्यायला आठ वर्षं लागली, मापिळ्ळे. १६९० ते १६९८. मी साडेतीन तासांत आलो." खानावर त्या काळी वरून तोफा डागल्या जात होत्या आणि मामांसाठी वरून पोरं टाळ्या वाजवत होती, हा फरक मी काढला नाही. खाली उतरल्यावर बाईंनी मोजणी केली, तेव्हा एक जण जास्त भरला.

घरी परतल्यावर ओसरीवर दरबार भरला. राजगिरीच्या निर्मनुष्य शिखरावरचे फोटो हातोहात फिरले. प्रत्येकात मामा मधोमध, नजर क्षितिजाकडे. ते काढले कोणी, हे विचारायचं पोस्टमास्तरांच्याही जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते कॉफीबरोबर गिळलं. त्यांनीही रात्रभर जागून चढाई केलीच होती ना! पाटीने विभूतीला श्रेय दिलं, औषधवाल्याने पट्ट्याला. ज्या वीथीत जन्मात कोणी जिन्याखेरीज काही चढलं नव्हतं, ती सगळीच्या सगळी त्या दिवशी राजगिरीला जाऊन आली होती. मामांनी सर्वांचे आभार मानले आणि एकांताचं महत्त्व या विषयावर रात्री अकरापर्यंत बोलले. कोणी उठलं नाही.

आता कळसूबाई. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. थकबाकी मुळापासून फेडायची, असं ठरलंय. बारी गावातून वाट कशी आहे, लोखंडी शिड्या किती उभ्या आहेत, हे मी त्यांना सांगितलं. मी स्वतः तिकडे कधी फिरकलेलो नाही, हे त्यांनी विचारलं नाही. काल त्यांचा फोन आला.

"ह्या खेपेस अगदी एकटा जातोय, मापिळ्ळे. कोणी संगतीला नको. तुमच्याकडचे किती जण येतात तेवढं कळवा, म्हणजे त्या बेताने दहीभात न्यायला बरं."