खालापूर तालुक्यातील परदेशप्रवास आणि रेंजसाधना

परदेश या संज्ञेची भूगोलाने केलेली व्याख्या आता कालबाह्य झाली असून, ज्या मुलखात प्रवाशाचे सिमकार्ड परके ठरते तो परदेश, अशी सुधारित व्याख्या स्वीकारणे सोयीचे आहे. या व्याख्येनुसार न्यू जर्सीत स्थायिक झालेले जे मराठी कुटुंब नाताळच्या सुटीत मुंबईच्या विमानतळावरून मोटारीने खालापूरच्या मूळ घरी आणि तेथून कर्जतपलीकडच्या एखाद्या फार्महाऊसवर जाते, ते वस्तुतः परदेशात मोटारप्रवास करत असते. आजोबांचे नाव सातबाऱ्यावर असले तरी टॉवर सातबारा पाहत नाही.

अशा प्रवाशापुढील पहिला मार्ग रोमिंगचा. रोमिंग म्हणजे आपल्या कंपनीच्या हमीवर परक्या कंपनीच्या टॉवरवर केलेला मुक्काम. मात्र या व्यवस्थेत इंटरनेटची मागणी बहुधा आधी मायदेशीच्या, म्हणजे येथे अमेरिकेतील, कंपनीकडे पाठवली जाते आणि उत्तरही त्याच वाटेने परतते. त्यामुळे खोपोलीच्या नाक्यावर उभे राहून समोरच्या गल्लीतील मिसळीचे दुकान शोधले, तरी तो प्रश्न सातासमुद्रापार जाऊन येतो. पूर्वी समुद्रोल्लंघन करणाऱ्यास परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. मिसळीच्या चौकशीचे प्रायश्चित्त महिनाअखेरीस बिलाच्या रूपाने घ्यावे लागते, एवढाच काय तो धर्मशास्त्रातील फरक.

दुसरा मार्ग ई-सिमचा, म्हणजे चकती न बसवता फोनमध्ये उतरवून घ्यायच्या सिमचा. प्रवाशांसाठी विकल्या जाणाऱ्या ई-सिममध्ये बहुधा केवळ इंटरनेट असते, भारतीय क्रमांक नसतो. आणि या देशात गॅसच्या टाकीपासून रेल्वे स्थानकावरील मोफत वायफायपर्यंत सर्वत्र ओटीपी मागितला जात असल्याने, नेट आहे पण ओटीपी नाही अशा त्रिशंकू अवस्थेत प्रवासी लोंबकळत राहतो. येथील सिम रीतसर विकत घ्यावे, तर पासपोर्ट, व्हिसा, छायाचित्र आणि दुकानदाराची फुरसत या चार गोष्टी एकाच दिवशी जुळून याव्या लागतात.

म्हणून जाणकारांनी तिसरा मार्ग श्रेष्ठ मानला आहे, आणि तो म्हणजे भाचा. भाचा हे सोळा ते बावीस वयोगटातील, रोज दीड-दोन जीबीचा पॅक मारलेले आणि स्वतःच्या पायांनी मोटारीत येऊन बसणारे इंटरनेट-यंत्र असून, त्याच्या फोनवरील हॉटस्पॉट, म्हणजे आपले नेट शेजारच्यांना वाटून देण्याची सोय, सुरू करण्यापूर्वी काही उपचार पाळावे लागतात. त्याला पुढच्या आसनावर बसवावे, मागे बसवल्यास वेग कमी झाल्याच्या तक्रारी येतात. कर्जतला बटाटेवडा खाऊ घालावा, तोही एक नव्हे. आणि ‘हल्लीची मुले सतत मोबाईलमध्ये असतात’ हे वाक्य किमान पॅक संपेपर्यंत उच्चारू नये. ‘मामा, व्हिडिओ बंद करा, नेट खातोय,’ असे त्याने सुनावल्यास मामाने वडीलपणा बाजूला ठेवून व्हिडिओ बंद करावा, कारण पासवर्ड बदलण्याचा अधिकार सर्वस्वी भाच्याकडे असतो.

रस्त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 2002 साली पूर्णत्वास गेलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मुंबईकडून येताना भाताण आणि माडप हे बोगदे खालापूरच्या टोलनाक्याआधीच लागतात, तेव्हा महत्त्वाचे बोलणे त्यांच्या अलीकडे संपवावे. नाक्यावरील फास्टॅग फोनच्या रेंजवर अवलंबून नसतो, त्यामुळे तेथे अडकल्यास नेटला दोष देता येत नाही. नकाशा घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावा. जीपीएस उपग्रहांचे संकेत केवळ ऐकत असल्याने त्याला नेट लागत नाही, परंतु नकाशा आधी उतरवला नसेल तर पांढऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसतो, आणि आपण कोठेतरी आहोत हे ज्ञान प्रवाशाला त्याआधीही असते.

डोंगरात रेंज जाण्याचे कारण साधे आहे. फोन आणि टॉवर यांच्यामध्ये सह्याद्री आला की लहरी अडतात. त्यातही अधिक वारंवारितेच्या, वेगवान नेट देणाऱ्या लहरी लवकर थकतात, तर कमी वारंवारितेच्या लहरी वळसे घेत दूरवर पोचतात, आणि साध्या बोलण्याला क्षीण संकेतही पुरतो. दरीत संपर्क तुटण्याची या तालुक्याची परंपरा जुनी असून, 2 फेब्रुवारी 1661 रोजी चावणीजवळच्या उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखान घाटाखाली उतरला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या सैन्याने केलेल्या कोंडीत त्याला मागेही जाता येईना आणि पुढेही. बरोबरच्या रायबाघन या स्त्री सरदाराने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि त्याने तो मानला; प्रवाशानेही रेंज गेल्यावर बरोबरच्या बाईमाणसाचे ऐकून गाडी थांबवावी आणि गुराख्याला रस्ता विचारावा.

मुक्कामी पोचल्यावर ‘पोचलो’ असे खालापूरला आजीला कळवणे हा विधीचा अखेरचा भाग होय. फार्महाऊसवर हात उंचावून गच्चीच्या चारही कोपऱ्यांत फिरावे; शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढल्यास एखादी काडी दिसते, परंतु पाठवलेला संदेश तेथेच गोल गोल फिरत राहतो. रोमिंगचा फोन रेंज शोधता शोधता तापतो आणि ई-सिमला क्रमांक नसल्याने साधा फोन लागत नाही. दिवसभर सगळ्यांना नेट पुरवून भाच्याच्या फोनचे चार्जिंग एव्हाना संपलेले असते. अशा वेळी राखणदाराकडे जावे. विजेरी बसवलेला त्याचा बटणांचा फोन ओटीवरच्या खुंटीला पिशवीत लटकत असतो आणि त्यावर भरपूर रेंज असते. आजीला तीनदा घंटा देऊन फोन ठेवावा. अनोळखी क्रमांक पाहून ती उलट फोन करते आणि प्रथम राखणदाराचे गाव कोणते ते विचारते.