‘ळ’ चुकला, दोन गुण वजा

वसई परिसरातलं एक महाविद्यालय. सकाळी एम.ए.चा भाषाविज्ञानाचा तास. ‘वेळ’ आणि ‘वेल’: एका ध्वनीनं अर्थ फिरला, म्हणून ळ आणि ल हे मराठीचे दोन वेगळे स्वनिम. पोरं मुकाट उतरवून घेतात. पुढचं वाक्य: बोलीतले उच्चार वेगळे असतात, चुकीचे नसतात. तेही उतरवतात, पाच गुणांना येतं.

दुपारी त्याच वर्गात वक्तृत्व स्पर्धा. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली पोरगी उठते. बोलते झकास, पण ‘डोळ्यात पाणी’चं ‘डोल्यात पानी’ होतं आणि गावाचं नाव ती ‘अर्नाला’ सांगते. जन्म तिथला, तरी गावाचं नाव चुकतं म्हणे! परीक्षकांची पेन्सिल चालते: उच्चारशुद्धी, दोन गुण वजा. मग समारोपात ते स्वतः ‘रुशीतुल्य’ गुरूंना वंदन करतात, प्राचार्यांचे ‘विशेश’ आभार मानतात. ऋ गेला, ष गेला, टाळ्या तेवढ्या पडल्या. ष चा श केला तर प्रमाण, ळ चा ल केला तर गावंढळ!

संध्याकाळी परीक्षक लोकलनं नालासोपाऱ्याला उतरतात. यांच्या हिशेबानं हे स्टेशनच अशुद्ध. मूळच्या शूर्पारक या नावातल्या श चा स झाला, र गिळला गेला, शेपटीचा क झडला, तेव्हा कुठे सोपारा उरलं. शूर्पाचं सूप, सर्पाचा साप, कर्णाचा कान झाला तोही असाच, अक्षरं गिळत. १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तोही प्राकृतातला. सम्राटाचं नशीब, वक्तृत्व स्पर्धेत उतरला नाही.

ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०५च्या मराठीच्या खंडात, याच भागातल्या वाडवळ आणि सामवेदी बोलींची नोंद आहे. साहेबानं नमुने टिपले, गुण नाही कापले.

प्रमाणभाषा हवीच, अर्ज, बातम्या, पाठ्यपुस्तकं तिच्यावरच चालतात. पण ती शिकवायला शेजारच्या बोलीचं थोबाड फोडायची गरज नाही.

आणि ती पोरगी? सत्राच्या पेपरात प्रश्न आला, ‘ध्वनिपरिवर्तन सोदाहरण स्पष्ट करा.’ तिनं पहिलंच उदाहरण दिलं: ऋषी, रुशी. पाचापैकी पाच.