तात्यांचं टायमिंग

"तात्या, पोरगं उद्या दिल्लीला चाललंय. किती वेळ लागंल?"

"विमानाला का पोराला?"

वढू बुद्रुकच्या चहाच्या टपरीवर तात्यांचा हिशोब या प्रश्नानं सुरू होतो. असा अंतरमास्तर आता गावोगाव सापडतो. पूर्वी त्याला एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ असायचं. पोरं बंगळुरू, दुबई, लंडनला पांगली तसं त्यानंही खातं बदललं. तात्या स्वतः अजून विमानात बसलेले नाहीत, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

कानावरची पेन्सिल खाली येते, उसाच्या वजनाची पावती उलटी होते. पुणे-दिल्ली हवाई अंतर साधारण १,१७० किलोमीटर. झेलम एक्सप्रेस दौंड, मनमाड, भुसावळ करत जाते, म्हणून रेल्वेनं तेच दीड हजाराच्या वर भरतं. १,१७० ला ताशी ८५० नं भागलं की १ तास २३ मिनिटं.

"पण तिकिटावर सव्वादोन तास लिवलंय," पोराचा बाप मोबाइल पुढं करतो. "वरची बावन्न मिनिटं खाल्ली कुणी?"

तात्या याचीच वाट बघत असतात. तिकिटावरचं घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि तिकडं जागेवर लागलं की थांबतं. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, वर चढणं, दिल्लीवर आपल्या नंबराची वाट बघत घिरट्या घालणं, सगळं त्यातच. शिवाय पुण्याचं विमान उडतं तो लोहगावचा तळ हवाई दलाचा. त्यांचा सराव असला की प्रवासी विमानांनी थांबायचं.

परदेशाचं गणित सांगताना तात्यांचा आवाज चढतो. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, पण जायला जास्त वेळ आणि यायला कमी. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो; जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पश्चिमेकडच्या कितीतरी विमानांना वळसा पडला.

"म्हंजे सासरी जाताना उशीर आन् माहेरी येताना लवकर," दूध घालायला आलेली एक आजी निकाल देते. तात्यांना एवढं सोपं केलेलं आवडत नाही.

त्यांची खरी दुखरी नस जमिनीवर आहे. खेड-चाकणकडं विमानतळ होणार म्हणून त्यांनी किती वर्षं वाट पाहिली. २०१६ मध्ये जागा ठरली ती पुरंदरला. तेव्हा वाट लोहगावचीच. कोरेगाव भीमा, पेरणे फाटा, लोणीकंद इथवर तात्या मिनिटामिनिटाचा हिशोब देतात. वाघोली आली की पेन्सिल परत कानावर जाते. तिथल्या कोंडीला ताशी कितीनं भागायचं, हे त्यांना अजून जमलेलं नाही. १ जानेवारीला तर पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाला गर्दी, म्हणून नगर रस्त्याची वाहतूकच वळवलेली असते. फाल्गुन अमावस्येला शंभूराजांच्या पुण्यतिथीची गर्दी वढूतच असते, म्हणून तिकीट काढण्याआधी तात्या पंचांग बघायला लावतात.

शेवटी तात्या पावतीवर ठळक लिहून देतात ते असं: विमान सकाळी सहाचं, विमानतळावर दोन तास आधी, तेव्हा घरातून रात्री अडीचला निघायचं. आणि सोडायला एकच गाडी न्यायची, अख्खी भावकी नाही.