शंभरातला एक वॅट

महागड्या स्पीकरसाठी सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, ॲम्प्लिफायर निवडायचा तर पहिली अट अशी की स्पीकर आधी घेतलेले असावेत. ही अट बहुतेक ग्राहक न सांगता पाळतात. स्पीकर घेण्यात खिसा रिकामा होतो आणि ते घरी आल्यावर लक्षात येते की या दोन कपाटांना अजून काहीतरी जोडावे लागते. ॲम्प्लिफायरचे काम तसे एका वाक्यात संपते: सीडी प्लेअरकडून जास्तीत जास्त दोनेक व्होल्टचा सिग्नल येतो, तो बिघडू न देता मोठा करायचा आणि स्पीकर मागेल तेवढा करंट पुरवायचा. वाक्याच्या पूर्वार्धावर बाजारात अमाप बोलले जाते. पैसे खर्च होतात उत्तरार्धावर, आणि त्याविषयी विक्रेता आपण होऊन काही बोलत नाही.

ग्राहकाचा पहिला प्रश्न वॅटचा असतो. भारतात या प्रश्नाला पीएमपीओचा, म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’चा, इतिहास आहे. १९९० च्या दशकात बखोटीला मारून नेता येईल अशा म्युझिक सिस्टीमवर हजारो वॅट पीएमपीओचा स्टिकर झळकत असे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तो आकडा खरा असता तर गणपती मंडळांना मांडवाच्या कोपऱ्यात एक स्टूल पुरले असते. अमेरिकेत अशा आकड्यांना १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने चाप लावला. किती ओहमवर, किती विकृतीसह, सतत किती वॅट मिळतात हे सांगणे कंपन्यांना भाग पडले. हाय-एंडच्या दुनियेत पीएमपीओ नाही. तिथले आकडे बहुतांशी खरे असतात आणि तरीही त्यांतून फारसे काही कळत नाही.

कारण वॅटला स्पीकरच्या संवेदनशीलतेवाचून अर्थ नाही. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, तो हा आकडा. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. (४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेच दोन वॅट होतात. जाहिरात लिहिणाऱ्याला ही गोष्ट माहीत असते.) ८७ डेसिबलची जोडी तीन मीटरवरून ऐकली तर अंतरात थोडे गमावून, दुसऱ्या स्पीकरकडून आणि भिंतींकडून थोडे परत मिळवून, एका वॅटला ८२ डेसिबलच्या आसपास आवाज कानी पडतो. घरात निवांत ऐकणारा माणूस सरासरी ७५ डेसिबलवर समाधानी असतो, आणि त्याला लागतो वॅटचा पाचवा हिस्सा. तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्रातला झांजांचा प्रहार सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळला तर त्या क्षणापुरते वीस वॅट. शंभर वॅटच्या ॲम्प्लिफायरमधले उरलेले ऐंशी वॅट मालकाच्या मनःशांतीसाठी असतात.

इथून पुढचे गणित कंपन्यांच्या फार सोयीचे आहे. शंभराचा दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर केला तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतका. किंमत मात्र स्पष्ट कळते. आवाज दुप्पट भासावा तर दहा डेसिबल हवेत, त्यासाठी दहापट, हजार वॅट. आणि तोवर वरच्या मजल्यावरचे लोक खाली आलेले असतात.

स्पीकरच्या पाठीमागे ‘८ ओहम’ असे छापलेले असते. ते खोटे नसते, पण बातमीखालच्या ‘संग्रहित छायाचित्रा’इतकेच खरे असते. इम्पीडन्स म्हणजे स्पीकरने विजेला केलेला विरोध, आणि तो स्वरागणिक बदलतो: खर्जात एका ठिकाणी तीस ओहमच्या वर चढतो, थोडे पुढे तीनवर येतो. शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमला २८ व्होल्ट देतो आणि करंट वाहतो साडेतीन अँपिअर. स्पीकर २ ओहमवर उतरला की तेच २८ व्होल्ट टिकवायला १४ अँपिअर लागतात आणि शंभराचे चारशे वॅट होतात. हा वाढीव माल कुठून तरी यावा लागतो, तो येतो ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधून. म्हणूनच चांगला ॲम्प्लिफायर उचलताना कंबर धरते. करंट आणि व्होल्टेज एकमेकांच्या मागेपुढे चालू लागले, ज्याला फेज अँगल म्हणतात, की ट्रान्झिस्टर आणखी तापतात. याचा आलेख परीक्षणांत छापलेला असतो आणि बहुतेक वाचक तो ओलांडून थेट ‘सोप्रानोच्या श्वासातली ऊब’ या परिच्छेदाकडे जातात.

अवघड स्पीकरांचा मूळपुरुष म्हणावा असा क्वाडचा ईएसएल. इंग्लंडातल्या हंटिंग्डनच्या या कंपनीने, म्हणजे पीटर वॉकर यांनी, तो १९५७ साली विक्रीला आणला. त्याला कोन नाही, कॉइल नाही. उच्च दाबाच्या विजेने भारलेला एक पातळ पडदा हलतो. विजेच्या लेखी तो कपॅसिटर आहे, त्यामुळे स्वर चढत जातो तसा इम्पीडन्स घसरत दोन ओहमच्या आसपास येतो. वॉकर यांनी १९६७ साली त्याच्या जोडीला ४५ वॅटचा ३०३ हा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर काढला आणि १९७५ साली शंभर वॅटचा ४०५. हा दुसरा इतका दमदार निघाला की घरच्याच ईएसएलला त्याच्यापासून जपावे लागे. ४०५ मध्ये व्होल्टेजला लगाम घालणारे जादा सर्किट बसवण्याची सोय कंपनीला करून द्यावी लागली.

ईएसएल निदान उंच स्वरांतच अडवणूक करतो, आणि तिथे संगीतात ऊर्जा थोडी असते. अमेरिकेतल्या अपोजी कंपनीने १९८० च्या दशकात काढलेल्या सिंटिलाने तेवढाही विवेक ठेवला नाही. अॅल्युमिनियमच्या रिबनचा हा माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारा स्पीकर जवळजवळ सगळ्या पट्टीत १ ओहमवर असे. साध्या ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने ते शॉर्ट सर्किटच. ज्यांच्यात संरक्षक सर्किट होते ते गप्प होत, ज्यांच्यात नव्हते ते कायमचे गप्प होत. डॅन डागोस्टिनो यांच्या क्रेल कंपनीचा लौकिक वाढला तो असल्या स्पीकरांना न डगमगता वाजवण्यामुळे. ‘क्रेल’ हे नाव १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटातल्या जमातीचे. जमिनीखाली अफाट ऊर्जेची यंत्रे उभारून ही जमात शेवटी नामशेष झाली. वीजबिल हातात पडल्यावर हे नाव फार विचारपूर्वक ठेवले असावे असे वाटते.

यातून निवडीची एक खरी कसोटी मिळते आणि ती माहितीपत्रकात फुकट असते. ८ ओहमसमोरचा आकडा वाचावा, मग ४ ओहमसमोरचा. शंभराचे दोनशेच्या जवळपास होत असतील तर वीजपुरवठ्याचा भाग भक्कम आहे. शंभराचे एकशेतीसच होत असतील तर गरीब स्वभावाच्या स्पीकरला जोडावा. ४ ओहमचा रकानाच नसेल तर कंपनीने तिच्या परीने प्रामाणिक उत्तर दिलेले आहे.

गरीब स्वभावाचे स्पीकर असतातही. बीबीसीने बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत बसावा म्हणून १९७० च्या दशकात एलएस३/५ए बनवला. तो जेमतेम फूटभर उंच, मूळ इम्पीडन्स १५ ओहम. संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे वॅट मागतो, पण करंटसाठी हट्ट धरत नाही आणि फार वॅट सोसतही नाही. दुसऱ्या टोकाला पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासूनचा क्लिप्शहॉर्न. खोलीचा कोपरा अडवून बसणारा हा स्पीकर एका वॅटला शंभर डेसिबलच्या पार जातो. त्याला दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर जोडणाऱ्याचे उरलेले एकशे नव्याण्णव वॅट आयुष्यभर बेकार राहतात. अशा स्पीकरला पहिला वॅट स्वच्छ हवा. नेल्सन पास या ज्येष्ठ अभियंत्याने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरांच्या कंपनीचे नावच ‘फर्स्ट वॅट’ ठेवले आहे.

पहिल्या वॅटच्या स्वच्छतेवरून क्लासचा, म्हणजे ट्रान्झिस्टरांना कामाला लावण्याच्या पद्धतीचा, विषय निघतो. सिग्नलचा वरचा अर्धा एका ट्रान्झिस्टरने आणि खालचा अर्धा दुसऱ्याने सांभाळायचा, तर हातबदल होताना किंचित खडखड होते. तिला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात, आणि १९६० च्या दशकातल्या बऱ्याच ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांनी तिच्यापायी नाव घालवले. क्लास एबीमध्ये दोघांनाही थोडा वेळ एकत्र कामावर ठेवून हे निभावतात, आणि आज चांगल्या एबीत तक्रारीला जागा नाही. क्लास ए मध्ये दोघेही सदासर्वदा पूर्ण कामावर असतात, गाणे चालू असो वा नसो. त्याची कार्यक्षमता कागदावर फार तर ५० टक्के. म्हणजे ५० वॅटच्या दोन चॅनेलांचा असा ॲम्प्लिफायर शांत बसल्या जागी किमान २०० वॅटची उष्णता सोडतो, प्रत्यक्षात बरीच अधिक. लंडनच्या जानेवारीत याचे कौतुक होते. नागपूरच्या मे महिन्यात तो लावला की एसी लावावा लागतो, एसीच्या घरघरीत बारकावे बुडतात, ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा लागतो, आणि मग ज्या पहिल्या वॅटसाठी हे सारे केले तो केव्हाच मागे पडलेला असतो. क्लास डी ९० टक्क्यांच्या घरात कार्यक्षम आहे. ब्रूनो पुत्झेस यांनी आधी फिलिप्समध्ये व नंतर हायपेक्समध्ये केलेल्या कामानंतर त्याची विकृती मोजायची तर उपकरणही उत्तम लागते. त्याच्यावर उरलेला आक्षेप एवढाच की तो हलका आहे, आणि दोन लाख मोजलेली वस्तू एका हाताने उचलता येणे काहींना सहन होत नाही.

डॅम्पिंग फॅक्टर हा आणखी एक मिरवण्याचा आकडा. स्पीकरचा इम्पीडन्स भागिले ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स. जितका मोठा तितकी कोनावर पकड अधिक, असे सांगतात. हजारचा फॅक्टर असलेला ॲम्प्लिफायर तीन मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने जोडला की वायरच्या विरोधामुळेच तो हजार १६० वर येतो. खुद्द स्पीकरच्या कॉइलचा विरोध सहाएक ओहम असतो, त्यामुळे तेही १६० शोभेचेच. पन्नासच्या वरचे आकडे फ्रेम करून भिंतीवर लावायला हरकत नाही.

शेवटी कान. १९७८ साली क्वाडचे तीन ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा (निर्वात नळ्यांचा) क्वाड टू आणि ट्रान्झिस्टरचे ३०३ व ४०५, निवडक श्रोत्यांना कोणता कोणता ते न सांगता ऐकवले गेले, आणि कोणालाही ते खात्रीने वेगळे ओळखता आले नाहीत. आपला नवा माल आपल्याच जुन्यासारखा वाजतो हे चारचौघांत सिद्ध होऊ देणारी कंपनी विरळाच. १९८५ साली बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांसमोर आपल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये फेरफार करून तो एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखा वाजवून दाखवला. संपादकांना फरक सापडला नाही. म्हणजे सगळे सारखेच, असे नव्हे. आपल्या कुवतीत चालणारे चांगले ॲम्प्लिफायर फार सारखे वाजतात. निराळे वाजू लागतात ते कुवत संपल्यावर, आणि ती कधी संपणार हे स्पीकर ठरवतो. दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने समान करून घ्यावा. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा ॲम्प्लिफायर ‘अधिक खुला’ वाटतो, आणि महाग वस्तूचा व्हॉल्यूम किंचित चढा राहणे हा दुकानदारीतला जुना अपघात आहे.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकरवी मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिथला १२० व्होल्टचा ॲम्प्लिफायर इथल्या २३० व्होल्टला तसाच जोडला तर तो एकदाच वाजतो. आत व्होल्टेज बदलण्याची सोय आहे का हे आधी पाहावे. विमानात एका बॅगेला साधारण २३ किलोची मुभा असते आणि मनासारखा ॲम्प्लिफायर त्यात सहसा बसत नाही.

स्थानिक खरेदीतही एक गोष्ट उरते. मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू करताक्षणी पाण्यासारखा करंट ओढतो, आणि सॉफ्ट-स्टार्टची सोय नसेल तर घराचा एमसीबी पडतो. बी प्रकारचा असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून, वायरिंग तपासून, सी प्रकारचा बसवून घ्यावा. कशासाठी, असे तो विचारतो, तेव्हा गीझर म्हणून सांगणे सोपे पडते.