पॉइंटकाका

पॉइंटकाकांना रायपूरहून नागपूरला जायचं असलं, की ते आधी दिल्लीला जातात.

नागपूर इथून जेमतेम तीनशे किलोमीटर. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रायपूरवरूनच जातात. गीतांजली आहे, आझाद हिंद आहे, डिसेंबर २०२२ पासून वंदे भारत आहे. सकाळी बसलं की जेवायच्या वेळेला माणूस सीताबर्डीवर. काकांना हे सगळं मान्य असतं. सगळं ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, "पण पॉइंट किती भेटून राहिले त्याच्यावर?" समोरचा गप्प होतो. काका दिल्लीचं तिकीट काढतात.

अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांच्या मागे जी मराठी घराणी छत्तीसगडात आली, त्यांतलं एक काकांचं. पूर्वज नागपूरहून घोड्यावर बसले आणि सरळ इकडे आले. दिल्ली वाटेत लागली नाही. काकांना त्याची थोडी हळहळच वाटते. १८७७ साली लहानगा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, आईबरोबर रायपूरला आला तेव्हा इथवर रेल्वेच नव्हती, शेवटची मजल बैलगाडीने मारावी लागली. इथल्या माना विमानतळाला २०१२ पासून त्यांचंच नाव आहे. ती पाटी दिसली की काका दरवेळी म्हणतात, "इतका लांबचा प्रवास, अन् खात्यावर शून्य."

रायपूरच्या तात्यापाऱ्यात काकांना लांबून ओळखता येतं ते त्यांच्या बॅगेवरून. चाकांची काळी बॅग आणि तिला लटकणारा सोनेरी टॅग. विमानाची वेळ नसली तरी टॅग निघत नाही. काकूंनी मेथीची जुडी आणायला पाठवलं तरी बॅग जाते, टॅगही जातो. भाजीवालीने एकदा "कहाँ जाथस कका?" असं विचारलं, तर काकांनी तिला सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम यांतला फरक समजावून सांगितला. तिने मेथी तोलता तोलता सगळं ऐकून घेतलं आणि पैसे रोखच मागितले.

काकांचं दुःख इथूनच सुरू होतं, कारण रोख दिलेल्या पैशावर पॉइंट मिळत नाहीत. म्हणून कोणी चारचौघांत रोकड काढली, की ते मध्ये हात घालतात. "थांबा, थांबा. कॅश मला द्या, मी कार्ड मारतो." हॉटेलचं बिल, पुतण्याचा फ्रीज, शेजाऱ्यांच्या स्कूटरचे टायर, काहीही. गेल्या साली नात्यातल्या एका मुंजीचा केटरर कार्डाने पैसे घेतो हे कळल्यावर काकांनी मुलाच्या बापाला कोपऱ्यात गाठलं. नोटांचं पाकीट घेतलं, मोजलं, पुन्हा मोजलं. केटररने कार्डावर दोन टक्के जास्त लावले. ते काकांनी पदरचे भरले आणि मशीनमधून पावती सरकताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पसरला, की बटू जेमतेम फोटोत आला. दोन टक्के देऊन एक टक्क्याचे पॉइंट मिळवणारा माणूस तोट्यात असतो, हे मी त्यांना सांगायला गेलो. "तुमचं अकाउंटिंगचं डोकं आहे," काका म्हणाले, आणि ते कौतुक नव्हतं.

त्यांची एक पोथी आहे, कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरची. १९९९ साली पुडिंगच्या डब्यांवर एक कंपनी विमानाचे माइल्स देत होती. या पठ्ठ्याने हिशेब केला, की पुडिंगपेक्षा माइल्सच महाग आहेत. बारा हजारांवर डबे विकत घेतले, लेबलं सोलायला धर्मादाय संस्थेची माणसं लावून पुडिंग त्यांनाच दान केलं, आणि साडेबारा लाख माइल्स पदरात पाडून घेतले. गोष्ट खरी आहे. काका ती सांगतात तेव्हा मात्र पुडिंगच्या जागी श्रीखंड येतं आणि इंजिनिअर हळूहळू भिलाई स्टील प्लांटमधला होतो.

या सगळ्यातली पहिली मोठी योजना अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात काढली. जितकं अंतर उडाल तितके माइल्स, असा साधा व्यवहार होता. आता बहुतेक ठिकाणी अंतराला किंमत नाही, किती पैसे मोजले त्यावर पॉइंट ठरतात. म्हणजे स्वस्तात तिकीट मिळवणारा शहाणा मागे राहतो आणि महागात घेणारा गोल्ड होतो. योजना ज्याने कोणी आखली असेल त्याच्या बुद्धीला नमस्कार! २०२० च्या महामारीत विमानं जमिनीवर बसली तेव्हा युनायटेडने आपली मायलेजप्लस योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. काका हे अभिमानाने सांगतात: "बघा, इमानं नाही ठेवली गहाण. पॉइंट ठेवले!" ते पॉइंट कोणाच्या खिशातून आले होते, हा विषय आम्ही काढत नाही.

विमान कंपन्यांच्या पुण्यतिथ्या काकांना पाठ आहेत. किंगफिशर, ऑक्टोबर २०१२: किंग क्लबचे पॉइंट मालकाआधी नाहीसे झाले. जेट, १७ एप्रिल २०१९: त्या रात्री काका जेवले नाहीत. विमानं गेली, पण पॉइंट इंटरमाइल्स नावाने मागे उरले, आणि काका पुढे बरेच दिवस त्या नावाने टॉवेल आणि टोस्टर बघत बसत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. ते दुःख मात्र गोड होतं, कारण दोन खात्यांची बेरीज झाली. एक सल तेवढा राहिला. एअर इंडियात पूर्वी 'महाराजा क्लब' हे सगळ्यांत वरच्या पायरीचं नाव होतं. आता अख्ख्या योजनेलाच ते नाव दिलंय. आज नाव नोंदवलेला पोरगाही महाराजा क्लबात आणि काकाही. "मंग आम्ही इतकी वर्षं उडून काय केलं?" असं ते विचारतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

इंडिगोशी त्यांनी अनेक वर्षं अबोला धरला होता. २००६ पासून उडणाऱ्या कंपनीने २०२४ पर्यंत अशी योजनाच काढली नव्हती. ब्लूचिप नावाची योजना आली त्या दिवशी काकांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि सकाळी नऊच्या आत नाव नोंदवलं.

काकांचं खरं घर म्हणजे लाउंज. विमान दोनचं असेल तर ते दहालाच विमानतळावर असतात. मशीनमध्ये कार्ड सरकवून दोन रुपये कटले, की त्यांची चाल बदलते. मी एकदा बरोबर होतो. काउंटरपाशी पोहे होते. रायपूरच्या माणसाला पोहे-जिलेबीबद्दल कोणी काही शिकवायला नको. ते पोहे ओले, गार, वर शेवेचा पत्ता नाही. काकांनी दोन प्लेट खाल्ले. घरी काकूंच्या पोह्यांत लिंबू कमी पडलं तर वाटी सरकवणारा हा माणूस! "कसे आहेत?" मी विचारलं. "अबे, दोन रुपयांत आहेत," काका म्हणाले आणि इडलीकडे वळले. नंतर दही, नंतर सूप, आणि मग परत एकदा पोहे. शेजारी एक सूटवाला नुसती कॉफी घेऊन उठला, तर काका त्याच्याकडे बघून हळहळले. "गेले ना त्याचे पैसे वाया."

एवढं फिरून काकांनी पाहिलं काय? हैदराबाद पाहिलं, पण चारमिनार नाही. बंगळुरूत ते टर्मिनल दोनच्या बांबूच्या छतापर्यंत पोहोचलेत. मुंबईच्या टर्मिनल दोनमधली 'जय हे'ची कलाभिंत चालता चालता पाहिल्यामुळे म्युझियमला जायची गरज उरलेली नाही. सगळ्यांत आवडतं पर्यटनस्थळ रायपूरलाच होतं: ऑगस्ट २०१५ मध्ये ढाक्याहून मस्कतला निघालेलं बांगलादेशचं विमान इंजिन बिघडून इथे उतरलं आणि वर्षानुवर्षं इथेच उभं राहिलं. खिडकीतून ते दिसलं की काका शेजारच्या प्रवाशाला हमखास दाखवत. "पार्किंगचं भाडं चढून राहिलं त्याच्यावर. त्याच्यावर पॉइंट असते ना, तर तो पायलट आज प्लॅटिनम असता."

सिरपूर मात्र राहिलंय. महानदीच्या काठी, ऐंशी-एक किलोमीटरवर, सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर. ह्युएन त्संग चीनहून चालत येऊन ते नगर पाहून गेला म्हणतात. काका तात्यापाऱ्यातून निघालेले नाहीत. काकू भिशीच्या बायकांबरोबर सिरपूरला जाऊन आल्या, राजीमला जाऊन आल्या, केशकालचा घाट बसने चढून चित्रकोटचा धबधबा पावसाळ्यात तांबूस होतो तो बघून आल्या. घरातला सगळा प्रवास काकूंनीच केला. पॉइंट काकांच्या खात्यावर.

ते पॉइंट मात्र काका मोडत नाहीत. मोडायचे असतात हेच त्यांना पटत नाही. काश्मीर म्हटलं तर "सीझन नाही", केरळ म्हटलं तर "रेट बरोबर नाही". काकूंनी मग विचारणं सोडलं. पण फॅमिली पूल नावाच्या सोयीत सगळ्या घराचे पॉइंट एकत्र व्हावेत म्हणून काकांनीच केव्हातरी काकूंचं नाव जोडलं होतं आणि पासवर्ड फ्रिजवर चिकटवला होता.

त्या दिवशी लाउंजमध्ये, तिसऱ्या प्लेटच्या वेळी, काकांच्या फोनवर ओटीपी आला. मागोमाग काकूंचा फोन. ओटीपी म्हटलं की काकांच्या तोंडून आकडे आपोआप बाहेर पडतात, तसे पडले. पुढच्या मिनिटाला संदेश: पाच तिकिटं, रायपूर ते अमृतसर, दिल्लीमार्गे, शिल्लक एकशे बारा पॉइंट. काकांनी चमचा खाली ठेवला. बराच वेळ स्क्रीन वर-खाली केला.

"पाचही जणी रिवॉर्ड तिकिटावर चालल्या," ते शेवटी म्हणाले. "अन् रिवॉर्डच्या तिकिटावर पॉइंट भेटत नाहीत, हे एकीलाही माहीत नसंन."